टॉमच्या पायाचं माप

आज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात जे पाहिलं, ते कधी एकदा सांगते असं झालंय!

मी बर्लिनमध्ये लेनाबरोबर राहते. लेनाचे जोडीदार दोन, योनास आणि टॉम. लपवाछपवी काही नाही. ती आजारी पडली की योनास सूप करतो आणि टॉम भरवतो. मला वाटायचं, इकडे याचं कुणाला काही वाटत नसेल. पण लेनाची आई दोन वर्षं टॉमचं नावसुद्धा घेत नव्हती. दर हिवाळ्यात ती मोजे विणून पाठवायची, फक्त लेनाचे आणि योनासचे.

म्हणजे 'एकालाच धरून राहा' हे काही आपल्याच वडाभोवती गुंडाळलेलं नाही तर! इथल्या आयांच्या लोकरीतही ते विणलेलं असतं. मला स्वतःला माझा एकटा निखिल पुरून उरतो, पण लेनाच्या घरात कुणाच्या वाट्याचं प्रेम कमी पडलेलं मी तरी पाहिलं नाही.

माझ्या आईला फोनवर हे सांगितलं, तर तिने एकच विचारलं, "भांडी कोण घासतं गं?"

"टॉम."

"मग बरा आहे की!"

आज लेनाची आई पहिल्यांदाच आली. टॉम बूट काढून, भोक पडलेल्या मोज्यात अंगठा लपवत उभा होता. लेना आईकडे बघत होती. तिच्या आईने तो अंगठा बराच वेळ न्याहाळला, पिशवीतून मापाची टेप काढली आणि म्हणाली, "पाय पुढे कर."

योनासने पटकन टॉमसाठी खुर्ची ओढली.