चाचांचा प्रश्न

माफ करा, कुणावर लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

बाबा काम करतात त्या गालाशेठच्या गॅरेजात रत्नागिरीचे एक चाचा आहेत. ऐकताना ते बोटांत पाना फिरवत राहतात. इंग्रज आणि रशियन साम्राज्यांनी वाटाघाटी करून एका नदीलाच सरहद्द मानलं, हा माझा निबंध मी त्यांना ऐटीत वाचून दाखवला. पाना थांबला.

"आणि नदीच सरकली तर, प्रोफेसर? आमची खाडी सरकते."

इतकी पुस्तकं वाचून मला हे सुचलं नव्हतं. मी जळलो. प्रश्न निबंधात घातला, चाचांचं नाव मात्र टाळलं.

निबंधाला बक्षीस मिळालं. काल बाबांकडून कळलं, कॉलेजच्या अंकात तो वाचून चाचांनी गॅरेजभर हलवा वाटला.