शेषरावची हलकी बोट

पैठणच्या शेषराव बोटवाल्यानं मला फसवलं.

आता माझी ओळख सांगतो. पुंडलिकनगरात माझं प्लायवूडचं दुकान आहे. हातगाडीपासून सुरुवात केली, आणि आजवर एकाही विकणाऱ्यानं स्वतःच्या मालाला नावं ठेवलेली मी ऐकली नव्हती. बोट हवी होती अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. आमचं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. आता गुडघे थकले. आपल्या घरावरच्या पाण्यात एकदा हात बुडवायचा, एवढंच त्यांचं मागणं. (बोट भाड्यानं मिळाली असती. पण भाडं आणि मी? छे!)

शेषरावकडं दोन जुन्या मोटारबोटी होत्या. एक सबंध फायबरची, जाड आणि म्हशीसारखी जड. दुसरी हलकी. फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये हलकं लाकूड.

"शेठ, जड घ्या," तो म्हणाला. "हलकीतलं लाकूड पाणी पिऊन सडलंय. ठोकून बघा, कशी बद्द वाजती."

ठोकली. बद्दच वाजली. म्हणजे ह्याला ती विकायचीच नाही! दुसरं बडं गिऱ्हाईक ठरलंय!

"लाकूड मला शिकवतो व्हय रे? हलकीच पाहिजे!"

"नका घेऊ शेठ, पाया पडतो."

पाया पडतोय म्हणजे माल सोन्याचा! तो नाय म्हणायचा, मी भाव वाढवायचो. शेवटी जड बोटीच्या भावात हलकी पदरात पाडून घेतली आणि मिशीवर ताव दिला.

रविवारी अण्णांना घेऊन निघालो. शेषराव जड बोट घेऊन मागंमागं.

"तू कशाला येतोस?"

"असंच, शेठ."

मी वेग वाढवला. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसवलं होतं, ती करकरली. जेवणानंतर पाहुणा लोडावर कलतो, तसं इंजिन सावकाश मागं कललं. त्याला धरायला धावलो, तर पायाखालचा तळ खचला आणि पाय पोटरीपर्यंत सडक्या लाकडाच्या लगद्यात!

"अण्णा, घाबरू नका!"

"मी कुठं घाबरलो? तूच बोंबलायलास."

शेषरावनं अण्णांना अलगद उचलून आपल्या बोटीत घेतलं. मला दंडाला धरून ओढलं. मग अण्णा बोट दाखवतील तिकडं तो नेत गेला.

"थांब. हितं," अण्णा म्हणाले. "हितं तुझी माय भाकरी थापायची."

त्यांनी पाण्यात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. तेवढ्या वेळात मी बोटीच्या भावाचा विषयही काढला नाही. (शेषराव साक्षीला आहे.)

मग तो ओला हात त्यांनी शेषरावच्या डोक्यावर ठेवला. "लई भलं केलंस, लेकरा."

मीही डोकं पुढं केलं.

"तू आधी पाय धू," अण्णा म्हणाले.

बाप माझा, गाव माझं आणि आशीर्वाद बोटवाल्याला! शेषरावनं ह्याचा जाब दिलाच पाहिजे. मला वाचवायचंच होतं, तर 'शेठ, हलकी बोट एक नंबर आहे' असं धडधडीत खोटं बोलायला त्याचं काय जात होतं?