पाच कंपन्यांच्या किल्ल्या आणि एकटी मावशी

माझी मावशी एका सातमजली व्यापारी इमारतीची देखभाल बघते. तिथली लिफ्ट एका कंपनीची, दारांची कुलुपं दुसरीची, आगीचा पंप तिसरीचा, एसी चौथीचा आणि जनरेटर पाचवीचा. सगळी यंत्रं इंटरनेटवर, पण आपसात अबोला. आग लागली तर पंप बोंबलणार आणि दारं कुलूप लावून ढिम्म!

म्हणून पाचही कंपन्यांनी एक सामायिक नोंद सुरू केली. यंत्रांनी एकमेकांना दिलेला प्रत्येक हुकूम तिथे चढणार. प्रत्येक कंपनीकडे तिची प्रत. एकानं परस्पर खाडाखोड केली की बाकीच्या चार प्रती त्याला उघडं पाडणार. कुठल्या यंत्रानं कुणाचं ऐकायचं, हा नियम बदलायचा तर पाचांपैकी तिघांनी आपापली किल्ली लावून संमती द्यायची. किल्ली म्हणजे संगणकाला लावायचा पेनड्राइव्हएवढा तुकडा. थोडक्यात, कुणालाच कुणावर विश्वास ठेवायला लागू नये, अशी चोख सोय.

पण मावशीवर सगळ्यांचाच विश्वास!

"मी कुठे रोज इकडे येतो? राहू दे तुमच्याकडेच, मावशी," लिफ्टवाला म्हणाला. त्याचं बघून कुलूपवाला. बघता बघता पाचही किल्ल्या मावशीच्या पर्समध्ये. नियम बदलायचा असला की ती टेबलाशी बसून तीन कंपन्यांच्या वतीनं स्वतःशीच एकमत करायची.

इकडे तिच्या लेकीचे दिवस भरत आलेले, तेही परगावी. मावशीनं रजा मागितली की मॅनेजर हात जोडायचे, "तुम्ही गेलात तर इमारत बंद पडेल हो!" मावशी वरून चिडायची, आतून फुलायची. रजा काही मिळायची नाही.

मग सुरक्षा तपासायला एक बाई आल्या.

"नियम बदलायला संमती कोण देतं?" त्यांनी विचारलं.

पाचही कंपन्यांच्या माणसांनी एकदम मावशीकडे बोट दाखवलं. मावशीनं ऐटीत पर्स टेबलावर उपडी केली.

"या इमारतीतला सगळ्यात मोठा धोका तुम्ही आहात," बाई म्हणाल्या.

"मी? अहो, साधा बल्ब हरवला नाही माझ्या हातून!"

"उद्या ही पर्स चोरीला गेली, तर चोराच्या हातात अख्खी इमारत."

मावशीचा चेहरा पडला. मग हळूच उजळला.

"म्हणजे मी इथे नसले तर इमारत जास्त सुरक्षित?"

"किल्ल्या ज्याच्या त्याला दिल्यात, तर नक्कीच."

"हे जरा मॅनेजरसाहेबांपुढे म्हणता का?"

त्याच दुपारी किल्ल्या वाटून, "आता आपापसात भांडा," असं बजावून मावशी लेकीकडे निघाली.

तिथे मात्र तिला चैन पडेना. "एकाचाही फोन नाही! मेले की काय सगळे?"

"आई," लेक कळवळली, "मला कळा येतायत आणि तू फोन बघतेस?"

नात झाली. बाळबाळंतीण सुखरूप आहेत म्हटल्यावर मावशीनं न राहवून लिफ्टवाल्याला फोन लावला.

"काय रे, चाललंय ना सगळं?"

"मावशी, इमारतीची माहिती बाहेरच्यांना द्यायची नाही, असं ठरलंय आमचं. तिघांची संमती लागते."

"मी बाहेरची? मेल्या!"

"थांबा, विचारतो." पलीकडे कुजबुज, मग हशा. "मी हो म्हणालो, पंपवालाही हो म्हणाला. तिसरा एसीवाला. तो अडून बसलाय, म्हणतो आधी नातीचा फोटो पाठवा."