अण्णांची कायमची थर्ड

आमच्या दापोडीच्या गल्लीत वार-तारखा नावालाच होत्या, घरं चालायची ती शिफ्टवर. पाहुण्यांना ‘फर्स्टच्या आठवड्यात या’ असं सांगितलं जायचं. बारशी-साखरपुडेसुद्धा घरचा माणूस कुठल्या पाळीत आहे ते बघून ठरायचे. ज्याच्या घरचा माणूस थर्डला, म्हणजे रात्रपाळीला, त्याच्या दारापुढे दिवसा पोरांनी खेळायचं नाही, हा गल्लीचा कायदा होता आणि तो सगळे पाळत. माझे वडील, आमचे अण्णा, पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते. दर आठवड्याला त्यांची पाळी बदलायची. या फिरत्या चक्रात माझं कॉलेज बसवायचं होतं आणि ते काही केल्या बसत नव्हतं.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, तेव्हाची ही गोष्ट. गणित-विज्ञानात मला चांगले मार्क पडले. हेडसर घरी आले, हिला सायन्सलाच घाला म्हणाले, चहा प्यायले आणि गेले. अवघड भाग आमच्याकडे राहिला. सायन्सचं कॉलेज पुण्यात. प्रॅक्टिकल दुपारनंतर, त्यामुळे लोकलने दापोडीला उतरेपर्यंत दिवेलागण व्हायची आणि थंडीत तर चक्क काळोख. स्टेशनापासून गल्लीपर्यंतचा रस्ता रेल्वेच्या भिंतीच्या कडेने, तिथे पिऊन बसणारे असत. मुलीने तिथून एकटीने यायचं नाही, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी काय सांगणार होते? भीती मलाही वाटायचीच.

आई साताऱ्याकडच्या खेड्यातून आलेली. संध्याकाळी स्टेशनात एकटीने उभं राहणं तिच्या जिवावर यायचं, शिवाय पदरात माझी धाकटी बहीण. राहता राहिले अण्णा. ते फर्स्टला किंवा थर्डला असले की संध्याकाळी मोकळे, सेकंडला असले की मशीनवर. त्या आठवड्यात मी प्रॅक्टिकल बुडवायचं का? शेजारच्या काकूंनी तोडगा काढला, आर्ट्सला घाला, सकाळचं कॉलेज, दुपारी पोरगी घरात. मला त्यांचा इतका राग आला की त्यांच्याकडे विरजण मागायला जाणंसुद्धा मी बंद केलं. अर्थात माझ्या रागाने त्यांचं काय बिघडणार होतं!

मग अण्णांनीच मार्ग काढला. सुपरवायझरला भेटून त्यांनी कायमची थर्ड मागून घेतली. थर्ड कुणालाच नको असते, त्यामुळे खात्यातले सगळे खूश. घरी सांगताना अण्णाही लॉटरी लागल्यासारखे बोलत होते. आता रोज संध्याकाळी ते स्टेशनात येणार, मला घरी आणणार, जेवणार आणि कामाला जाणार. दिवसा काय, झोपायचंच तर होतं.

सायन्स मला मनापासून आवडलं. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडत राहायचं आणि एका थेंबासरशी सगळं पाणी गुलाबी व्हायचं, ते बघताना मी भूक विसरायचे. इथे आपण शोभतो, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

घरी मात्र गणित चुकलं होतं. गल्लीचा तो कायदा आठवडाभरापुरता होता, हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आठवडाभर पोरांना दटावून गप्प बसवता येतं, बारा महिने कोण बसवणार? सुरुवातीला शेजाऱ्यांनी सांभाळून घेतलं. पुढे आमच्या दारापुढे विटी-दांडू सुरू झाला. आई भांडायला गेली तर काकू म्हणाल्या की कायमची थर्ड घ्यायला आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांचंही खरंच होतं. वर पत्रा तापलेला, आत बहिणीची रडारड. अण्णा कानाला टॉवेल गुंडाळून कूस बदलत पडायचे. डोळे कायम तांबारलेले, तोंडाची चव गेलेली. मी पुस्तक उघडलं की अक्षरांऐवजी तेच दिसायचे.

एका संध्याकाळी लोकलमधून उतरले, तर अण्णा बाकावर बसल्या बसल्या झोपलेले. तोंड उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली. लोक बघत पुढे जात होते. मला उठवावंसं वाटेना आणि तसं सोडवतही नव्हतं. मी शेजारी बसून राहिले. पुढची लोकल भोंगा वाजवत आली तेव्हा ते दचकून उठले आणि मला म्हणाले, उशीर झाला व्हय गं गाडीला? मी हो म्हटलं.

पाळी बदलून घ्या, असं मी कितीदा सांगितलं. ऐकतील तर ते अण्णा कसले. मी शिकतेय तोवर ते थर्ड सोडणार नव्हते, आणि मी त्यांना त्यातून ओढून थोडीच काढणार होते? सहामाही परीक्षा संपली त्या दिवशी मी घरात सांगून टाकलं की मला सायन्स आवडत नाही, डोक्यात शिरत नाही, मला आर्ट्सलाच घाला.

अण्णांनी मला समोर बसवलं. “खरं सांगतीयास नव्हं?”

“खरंच अण्णा. मला नाही जमत.”

चिंचवडच्या सकाळच्या कॉलेजात आर्ट्सला माझं नाव घातलं. अण्णा पुन्हा फिरत्या पाळीत आले. काकूंनी घरी येऊन माझ्या शहाणपणाचं कौतुक केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीत कामगारांची तपासणी झाली. अण्णांचा रक्तदाब भलताच वाढलेला निघाला. जागरणं अंगावर काढलीत, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रात्रपाळी कायमची बंद केली. कंपनीने अण्णांना स्टोअरमध्ये बसवलं, जनरल शिफ्टला. सकाळी जायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी. रोज, प्रत्येक आठवड्याला. मी पुण्याच्या कॉलेजात जाऊन विचारून आले, घरी न सांगता. माझी जागा भरली होती आणि एकदा सोडलेलं सायन्स परत मिळत नाही, असं तिथल्या क्लार्कने सांगितलं.

त्या संध्याकाळी अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते. समोर पोरं खेळत होती आणि त्यांना कुणी हटकत नव्हतं. मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुला सायन्स आवडत नव्हतं ते एक बरं झालं बघ. न्हाईतर आता माझ्या जिवाला लई लागलं असतं.”

“हो अण्णा,” मी म्हणाले.