रेणुकाबाईनं हळद अडवली

आदिलाबादजवळच्या बेला गावच्या बाया आपल्या सुनांना रेणुकाबाईचं उदाहरण द्यायच्या. "पाहा तिले! लेकरं हाताशी आली, तरी पदर हनुवटीवरून सरकत नाही. याले म्हणते घरंदाजपणा."

अहो, कसला घरंदाजपणा अन् कसलं काय! त्या पदराखाली दाढी होती. चार केसांची लव नव्हे, पुरुषाला असते तशी दाट दाढी. पहिलं लेकरू झाल्यावर फुटली आणि मग थांबलीच नाही. नवरा चंपतरावाचं जुनं पातं घ्यायचं, कापूस वेचायला सगळ्यांच्या आधी शेतात पोचायचं, आणि कपाशीच्या मधल्या तुरीच्या ओळीत बसून आरशाच्या तुकड्यात पाहून खरडायचं. तूर कापून निघाली की गोठ्यात. कापलं तर "तुरीची काडी लागली" म्हणायचं. बाकी वेळ पदराचं टोक दातांत. बाई हसायची तीसुद्धा पदराआड. देवानं बाईला दाढी द्यावी आणि गावानं तिला सुनांची गुरू करावी, याला काय म्हणावं!

चंपतरावाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो माणूस सरळ दाढी करायचा आणि पातं धुऊन, पुसून तिच्यासाठी कोनाड्यात ठेवायचा. विषय कधी काढला नाही. त्याच्यापरीनं तेवढं केलं म्हणायचं.

एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट. थोरली पोरगी कुसुम आदिलाबादला कॉलेजात जायची. एका सकाळी रेणुकाबाई तुरीत शिरली, तर तिच्या जागेवर कोणी आधीच बसलेलं. पाठमोरी कुसुम. हातात तोच आरशाचा तुकडा, तेच पातं, आणि हनुवटीवरून रक्ताची रेघ.

"माय, बसमधली पोरं मले 'ओ भाऊ' म्हणते," कुसुम म्हणाली. "मी कॉलेजात जात नाही आता."

रेणुकाबाईनं पोरीच्या हातून पातं घेतलं आणि धुऱ्यापलीकडं, बांधाबाहेर भिरकावलं. "माही जिंदगी गेली या तुरीत. तुही जाऊ देत नाही मी. समजलं? डोळे पूस अन् ऊठ."

नागपूरला एक डॉक्टरीणबाई विजेच्या सुईनं केसाचं मूळच जाळते, हे कुसुमनं पेपरात वाचलं होतं. "पोरीचे डोळे दाखवून आणतो" असं गावाला सांगून मायलेकी बसमध्ये बसल्या. डॉक्टरीणबाईनं एकेका केसाच्या मुळाशी सुई घातली. कुसुम दात आवळून पडली होती आणि रेणुकाबाई तिचा हात धरून स्वतःच कण्हत होती. पुष्कळ खेपा माराव्या लागतील, बाई म्हणाली. सुई झाल्यावर ऊन लागू द्यायचं नाही, खपल्या काढायच्या नाहीत, साबण नाही, तेल नाही, आणि हळद तर मुळीच नाही.

हळद नाही? रेणुकाबाईला वाटलं, ही शहरातली बाई, हिला काय कळतं. आमच्याकडं विळा लागला हळद, बैलाचा खांदा सोलला हळद, लेकरू पडलं हळद. घरी आल्या तेव्हा कुसुमची हनुवटी लालबुंद, दाणे दाणे उठलेले. नणंद मथुराबाई गावातच दिलेली. ती धावत आली. "गांधीलमाशी चावली काय वं माह्या बाईले!" म्हणत तिनं गरम तेलात हळद कालवली आणि मायेनं थापली. रेणुकाबाईनं अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी तशीच पोरगी वेचणीला गेली, दिवसभर उन्हात.

झालं! खपल्या चिघळल्या आणि पडल्या तिथं काळे डाग बसले. केस बरे, डाग नको, अशी गत झाली. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई तडकली. "हे तोंड उजळायला माझा सगळा उन्हाळा जाईल. पुन्हा असं केलंत तर डाग जन्माचे राहतील. मग माझ्याकडं येऊ नका."

ते वाक्य रेणुकाबाईनं पदराला गाठ मारून ठेवलं. डाग फिके व्हायला वर्ष गेलं. पुन्हा सुई लावायला डॉक्टरीणबाई तयार झाली, तोवर कापूस पुन्हा फुटला होता. नागपूरहून परतल्यावर रेणुकाबाईनं कुसुमला मधल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. चुलीपाशी जायचं नाही, चुलीची धग नको. माठाच्या पाण्यात धुवट मलमलीचा तुकडा भिजवायचा, पिळायचा, हनुवटीवर नुसता ठेवायचा, चोळायचा नाही. खाजलं तरी नख लावायचं नाही. नख लावलेलं दिसलं की हातावर चापट. अंगणात जायचं तर छत्री.

"कापूस झाडावर लोंबून राह्यला अन् पोरगी घरात बसून राह्यली," चंपतराव कुरकुरला.

"कापूस पुढच्या साली पुन्हा येते. तोंड येते काय?"

चंपतराव एकटाच वेचायला गेला. पण गाव गप्प बसेल तर गाव कसलं! पोरगी दिसत नाही, दिसली तर थंडीत छत्री. कोणी म्हणे अंगावर माता निघाली. मग गयाबाईनं पाणवठ्यावर हळूच सोडून दिलं, "कोड फुटलं असंन." आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून! एकदा कोडाचं नाव लागलं की त्या पोरीच्या दारी पाहुणा फिरकत नाही, हे सगळ्या पाणवठ्याला ठाऊक होतं.

त्यातच मथुराबाईच्या खुशालचं लग्न निघालं. त्या भागात रीत अशी की नवरदेवाची उष्टी हळद घरच्या उपवर पोरीच्या तोंडाला लावायची, म्हणजे तिचं लग्न लवकर जमतं. मामाची पोरगी तर पहिली मानाची. कुसुम हळदीला आली नाही तेव्हा मथुराबाई हळदीची वाटी घेऊन, वाजंत्री आणि वीसेक बाया घेऊन थेट भावाच्या दारात आली.

रेणुकाबाई उंबऱ्यात उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला. पदर दातांत.

"बाजूले सर, रेणुका. माह्या भाचीले हळद लावतो."

"पायाले लावा, हाताले लावा. तोंडाले नाही."

"काऊन नाही? खुशालची हळद हाये! दारातून परत गेली तर पोरगी कुवारी राहते, माहीत हाये ना?"

"राहू द्या."

वाजंत्री थांबली. मथुराबाईचे डोळे भरून आले. ती दुष्ट नव्हती हो, भाचीवर तिचा जीव होता. पण भरल्या गावात अपमान झाला होता. "मंग लोकं म्हणते तेच खरं म्हणायचं काय?" ती म्हणाली. "पोरीले कोड हाये म्हणून लपवून राह्यली तू?"

आतल्या खोलीत कुसुमनं हुंदका दिला. बाहेर तो सगळ्यांना ऐकू गेला.

आता सांगा, काय करावं या बाईनं? गप्प बसली तर कोडाचा शिक्का. पोरीला बाहेर काढावं तर वीस हात आणि वीस हातांना हळद. आणि खरं सांगावं तर "दाढीवाली" म्हणून पोरगी जन्मभर बसमधला 'भाऊ'च राहणार.

रेणुकाबाईनं दातांतला पदर सोडला. चौकटीवरचा एक हात काढून पदर हनुवटीवरून खाली ओढला. पोरीच्या सेवेत ती किती दिवस तुरीकडं फिरकली नव्हती. काळ्यात पांढरे मिसळलेले केस, चांगली चिमटीत येईल एवढी दाढी. दुपारचं ऊन सरळ तोंडावर.

"अगं माय!" गयाबाईच्या तोंडून निघालं.

"पाहून घ्या पोटभर," रेणुकाबाई म्हणाली. "कोड नाही माह्या पोरीले. माह्या पोटची हाये, म्हणून हे निघालं. मी पंधरा-वीस वर्सं लपवलं. तुरीत बसून तोंड सोललं अन् तुमी मले घरंदाज म्हनलं! पोरीनं इलाज केला. चोरी केली काय तिनं? कोवळी चामडी हाये, हळदीनं जळते, एकदा जळली. आता तिच्या तोंडाले कोणी हात लावला तर हात तोडून ठेवीन. मंग ते नणंद असो का नणंदेचा देव."

मथुराबाई वाटी घेऊन मागं वळू लागली.

"अन् हळद परत जात नाही माह्या दारातून," असं म्हणत रेणुकाबाईनं वाटीत हात घातला, मूठभर हळद उचलली आणि आपल्या दाढीला चोपडली. एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत. "लागली हळद. वाजवा आता."

वाजंत्रीवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि वाजवायला सुरुवात केली. मथुराबाई रडत हसायला लागली. तिनं राहिलेली हळद भावजयीच्या दाढीला लावली, बोटांनी नीट, केसांच्या मुळापर्यंत.

दुसऱ्या दिवशी रेणुकाबाई तीच पिवळी दाढी घेऊन मांडवात गेली. पदर डोक्यावर, तोंड उघडं. शेजारी कुसुम छत्रीखाली, हनुवटीवर ओला कपडा. चंपतराव दोघींच्या पुढं चालत होता आणि त्यानं सगळ्यांना मुद्दाम ऐकू जाईल असा "रामराम" घातला. चार जण हसले. त्यांतल्या एकेकाला रेणुकाबाईनं तोंडावर विचारलं, "काऊन रे, तुले येत नाही काय दाढी?"

कुसुमच्या खेपा पुढं दोन वर्षं चालल्या. तोंड निघालं तुकतुकीत, डागाचं नाव नाही. कॉलेज पुरं केलं, मास्तरीण झाली. गयाबाईनंच आपल्या भाच्याचं स्थळ आणलं होतं. कुसुमनं नाही म्हटलं आणि पुढं आपल्या पसंतीनं केलं. हळद हातापायांना लागली, तोंडाला नाही.

नव्याण्णव साली ती माहेरी आली तेव्हा म्हणाली, "माय, हैदराबादले आता लेझरची मशीन आली. सुई पण नाही, नुसता उजेड मारते. चाल, तुह्या दाढीचं पण करून टाकू. मी करतो तुही सेवा, ओला कपडा ठेवतो, उन्हात जाऊ देत नाही."

रेणुकाबाई ओसरीवर बसून फणीनं दाढी विंचरत होती. सगळ्या रस्त्यासमोर.

"नोको," ती म्हणाली. "त्या दिवशी ही दारात उभी राह्यली म्हणून तुहं तोंड वाचलं. हिले कोणाले हात लावू देत नाही मी."