सहा पानांचं वाक्य

खराडीतल्या आमच्या कंपनीत ती रुमानियन ग्राहकांचे फोन घ्यायची. लग्न होऊन रुमानियातून पुण्यात आलेली. मराठी शुद्ध, पण प्रत्येक शब्दावर संशय. जेवताना घास हातात धरून विचारायची, "'बरं' म्हणजे होकार की राग?"

एका मराठी कादंबरीचं तिला रुमानियनमध्ये नव्याने भाषांतर करायचं होतं. परवानगीसाठी मी तिला लेखकांकडे नारायण पेठेत घेऊन गेले.

त्यांनी 'बसा'सुद्धा म्हटलं नाही. "आधीचं भाषांतर माझ्या मित्राने केलंय. तो आता नाही. त्यात काय खोट आहे?"

मी तिचा हात दाबला. तिने तो सोडवून घेतला.

"तुमचा कादंबरीतला माणूस जीव घेऊन सहा पानं एकाच वाक्यात पळतो. त्यांनी मधे पूर्णविराम घातले. त्यांचा माणूस थांबत थांबत पळतो."

लेखकांचा चेहरा लाल झाला. "मग तुमचं वाचून दाखवा."

तिने पर्समधून आपले कागद काढले आणि उभ्यानेच ते वाक्य रुमानियनमध्ये वाचू लागली. मानेच्या शिरा ताठल्या, आवाज चिरकला, पण ती थांबेना. मला बाहेर निघून जावंसं वाटत होतं. शेवटी वाक्य संपलं.

"एकही शब्द कळला नाही," लेखक म्हणाले, "पण धाप माझीच आहे. करा."