शेऱ्याच्या रकान्यात

वाचनालयाच्या ध्वनी विभागात बाई लागल्या तेव्हा आधीच्या कारकुनाने त्यांना काम दहा मिनिटांत समजावून दिलं. नवी आलेली किंवा परत आलेली प्रत्येक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकायची, कशी आहे ते कार्डावर शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, मग कपाटात लावायची. एवढं सांगून तो निवृत्त झाला.

रेकॉर्डवर चरे आहेत का, सुई अडकते का, एवढंच त्याला म्हणायचं होतं. बाईंनी मात्र वाक्य ऐकलं तसं घेतलं. पहिल्याच दिवशी एका मोठ्या वाद्यवृंदाच्या अल्बमच्या कार्डावर त्यांनी लिहिलं: "चरे नाहीत. पहिल्या बाजूला साठ माणसं एकाच दारातून आत घुसू पाहतात. दुसऱ्या बाजूला त्यांना रांग सापडते. दुसरीच ऐकावी."

संगीत त्या शिकलेल्या नव्हत्या. त्याआधी चौदा वर्षं त्या पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. पंखा चालू करायचा, डोळे मिटायचे, बेअरिंग कुरकुरतंय का ऐकायचं आणि पात्यावर खडूने फुली किंवा बरोबरची खूण करायची. पंख्याला वाईट वाटेल म्हणून तिथे कोणी फुली टाळत नसे. कारखाना बंद पडला आणि त्या इथे आल्या, कान तेच घेऊन.

शेऱ्यातली ही चूक इतरांच्या लक्षात यायला चार महिने लागले. तोवर सभासद वेष्टनावरचं चित्र सोडून आधी कार्ड वाचायला लागले होते, म्हणून तेव्हाच्या ग्रंथपालांनी चालू दिलं. अकरा वर्षांत जवळजवळ दोन हजार कार्डं भरली. जाझच्या एका अल्बमवर: "सॅक्सोफोनवाला शहाणा. दुसऱ्याला बोलू देतो." केस वाढवलेल्या चार तरुणांच्या रॉकवर: "ओरडतात, पण कारण आहे." झोपेसाठीच्या बासरीवर: "झोप लागली. तक्रार नाही." यंत्रांवर केलेल्या संगीतावर: "आमच्याकडे असा आवाज आला की मिस्त्रीला बोलवायचो. तरी सहावं सोडू नये." अंगाईगीतांवर: "एवढ्या जोरात गायल्यावर कुठलं मूल झोपेल?" आणि एका नावाजलेल्या बुजुर्ग गायकावर, ज्यांच्याविषयी लोक आवाज खाली आणून बोलतात: "या खेपेला सर्दी होती. कोणी सांगितलं नसावं."

भानगड झाली ती दंतवैद्यांच्या अल्बमवरून. दंतवैद्य वाचनालयाच्या समितीवर होते. हळुवार गाण्यांचा एक अल्बम त्यांनी स्वखर्चाने काढला आणि त्याच्या दोन प्रती वाचनालयाला भेट दिल्या. वर्षभराने ते सहज बघायला आले. कार्डावरचा नेल्या-आणल्याच्या तारखांचा रकाना कोरा होता. शेजारच्या रकान्यात बाईंचं अक्षर होतं: "चरे नाहीत. आवाज गोड. अकरा गाणी, पण सगळ्यांत एकच म्हणणं: बघा, मी कसा गातो."

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी बाईंना बोलावलं. ग्रंथपाल नवे होते, वयाने बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान.

"बाई, शेरा म्हणजे रेकॉर्डची स्थिती."

"स्थितीच लिहिली आहे, साहेब."

"ती ओळ खोडून टाका. एका ओळीने कोणाचं काय जातंय?"

"माझं जातंय. ही खोडली तर बाकीच्या दोन हजारांवर कोण विश्वास ठेवील? मी चांगली म्हटलेली रेकॉर्ड उद्या कोणी नेणार नाही."

"नाहीतर समिती तुम्हाला काउंटरवरून हलवील. बांधणी विभागात. खाली, तळघरात. मग रेकॉर्डच नाहीत."

बाई खुर्चीवरून उठल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा ऐकते. मत बदललं तर खोडते. न ऐकता नाही."

घरी नणंदेला हे कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती.

"वहिनी, एक ओळ खोडून हात झिजणार होता का तुझा?"

"तुझ्या हातच्या भाजीला मी कधी उगाच छान म्हटलंय?"

"वीस वर्षांत दोनदा म्हणालीस."

"दोनदाच झाली होती."

"म्हणूनच तुला कोणी जेवायला बोलवत नाही," नणंद म्हणाली.

"पण तू त्या दोन्ही भाज्या अजून करतेस की नाही?"

नणंदेने जुडी पुढे सरकवली आणि सुरी दिली.

पुन्हा ऐकायच्या दिवशी दंतवैद्य स्वतः आले. रेकॉर्ड लावून बाईंनी डोळे मिटले. पहिली बाजू संपली, त्यांनी ती उलटली. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं सुरू झालं तशी त्यांची मान किंचित वाकडी झाली. रेकॉर्ड संपल्यावर त्यांनी सुई उचलून ठेवली.

"सातवं चांगलं आहे," बाई म्हणाल्या.

दंतवैद्यांचा चेहरा उतरला. "सातवं? अहो, ते फसलंय. आवाज फाटलाय त्यात. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळच मिळाला नाही."

"म्हणून बरं झालं. तेवढ्या गाण्यात तुमचं स्वतःकडे लक्ष नव्हतं."

"आणि बाकीची दहा?"

"तोंड उघडा म्हटल्यावर माणूस 'आ' करतो ना, तशी. दात दिसतात, माणूस दिसत नाही."

मग त्यांच्यासमोरच बाईंनी कार्डावर आणखी एक ओळ लिहिली: "सातवं जरूर ऐकावं. बाकी वर लिहिल्याप्रमाणे." पूर्वी त्या शेऱ्याखाली सही करत नसत. या वेळी केली, पूर्ण नावाची.

आठवडाभरात बदलीचा कागद आला. बाईंनी तो वाचून पोच दिली आणि तळघरात गेल्या. तिथे सुटलेली पानं शिवायची, कणा चिकटवायचा, शिकंज्यात दाबून ठेवायचं. काम त्यांनी महिन्यात आत्मसात केलं. वरच्या नव्या कारकुनाला शेऱ्यात फक्त दोन शब्द लिहायची परवानगी होती, "ठीक" किंवा "खराब".

पण शिवायला आलेल्या कागदांत वाचनालयाची नियमावलीही होती. बाई शिवता शिवता वाचत. कर्मचाऱ्यालाही सभासद होता येतं, असं एका कलमात होतं. त्यापुढच्या कलमात होतं की सभासदाने तक्रारवहीत लेखी तक्रार केल्यास ग्रंथपालांनी ती स्वतः तपासून चौदा दिवसांत लेखी उत्तर द्यावं.

त्याच दुपारी त्यांनी फॉर्म भरला. आता त्या जेवणाच्या सुट्टीत वर येतात, पूर्वीच्या आपल्याच काउंटरवर रांगेत उभ्या राहतात, रेकॉर्ड नेतात आणि परत करताना तक्रारवही मागतात. पहिली तक्रार एका नव्या पियानोच्या अल्बमबद्दल होती: "तिसरा तुकडा संपला हे वाजवणाऱ्याला कळलं नाही. कृपया तपासावे."

ग्रंथपालांनी तेरा दिवस काढले. चौदाव्या दिवशी दार लावून, कानाला हेडफोन लावून ते बसलेले शिपायाने पाहिले. उत्तर शिक्क्यासह आलं: "आपली तक्रार तपासली. तिसरा तुकडा लांबला आहे, हे मान्य. चौथाही लांबल्याचे आढळले."

बाईंनी ते उभ्या उभ्याच वाचलं आणि पेन मागून घेतलं.

"चौथा लांबलेला नाही," त्यांनी खाली लिहिलं. "तुम्ही घाईत होता. पुन्हा ऐकावा."